मालिकेतल्या हिरोचं वेड, नववीतली मुलगी आणि साठ पानांत न आलेलं हसू

प्रश्न असा आहे: मुलुंडला राहणाऱ्या, एका नटापायी वेड्या झालेल्या नववीतल्या मुलीवर विनोदी कुमार कादंबरी लिहायला घेतली आहे. साठ पानं झाली. वाचणारे म्हणतात, हसू येत नाही आणि मुलगी बावळट वाटते. काय चुकतंय? शेवटी तिची आणि नटाची भेट घालावी की नाही?

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात मुलगी झुरते, उशी कवटाळते, पोस्टरशी बोलते, आणि निवेदक हे सगळं बाहेरून, गालातल्या गालात हसत सांगतो. म्हणजे वेड ही तुम्ही एक भावना धरली आहे. चौदा वर्षांच्या मुलीचं वेड हे भावना कमी आणि काम जास्त असतं. त्याला वेळापत्रक असतं, खर्च असतो, वही असते, स्पर्धक असतात, सुट्टी नसते. हे काम दाखवलंत की हसू आपोआप येतं, आणि इतकं राबणारी मुलगी कोणाला बावळट वाटत नाही.

तुमचं वाक्य आहे: ‘ती त्याच्यासाठी अक्षरशः वेडी झाली होती! तिला दुसरं काही सुचतच नव्हतं!!’ त्याऐवजी हे बघा: ‘सोमवारी मालिकेत तो जिन्यावरून पडला. मंगळवारी मी शाळेत लंगडत गेले. बुधवारी एपिसोड परत बघताना कळलं, त्याचा उजवा पाय दुखावलाय. गुरुवारपासून मी उजव्या पायाने लंगडायला लागले. शुक्रवारी पीटीच्या सरांनी आईला बोलावलं.’ यात भावनेचं एकही विशेषण नाही आणि वेड हा शब्दही नाही. पाच वार आहेत, एक दुरुस्ती आहे आणि त्या दुरुस्तीचा परिणाम आहे. दुसऱ्या पायाने लंगडणं ही तिच्या लेखी प्रामाणिकपणाची बाब आहे. विनोद तिथे आहे.

हे जमायचं तर निवेदन प्रथमपुरुषी करा. सांगणाऱ्याला आपण विनोदी आहोत याचा पत्ताच नसणं ही युक्ती मराठीत चिं. वि. जोशींच्या चिमणरावापासून चालत आली आहे. तृतीयपुरुषी निवेदक मुलीच्या डोक्यावरून वाचकाकडे बघून डोळा मारतो. कुमारवयीन वाचकाला तो डोळा लगेच दिसतो, आणि आपल्याच वयाच्या मुलीची चेष्टा मोठी माणसं करताहेत असं त्याला वाटतं. साठ पानं पुरुष बदलून पुन्हा लिहायची म्हणजे आठवडाभराचं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. ‘ती’च्या जागी ‘मी’ टाकून मात्र भागत नाही. तिला जे दिसूच शकत नाही (तिच्या पाठीमागे आईने बाबांना केलेली खूण वगैरे) ते सगळं काढावं लागतं, किंवा तिला दिसतं पण तिला त्याचा अर्थ चुकीचा लागतो असं करावं लागतं. दुसरा मार्ग नेहमी जास्त चांगला.

पुनर्लेखनाला बसण्याआधी तिच्या एका आठवड्याचा हिशेब कागदावर मांडा, कादंबरीत न येणाराही. मालिका सोमवार ते शनिवार रात्री साडेआठला, अर्धा तास, त्यात जाहिराती वजा जाता बावीसेक मिनिटं. ॲपवर भाग आधी येतो, पण त्याला पैसे पडतात, म्हणजे पासवर्ड कोणाचा तरी मागून आणलेला. गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, म्हणजे दर गुरुवारी तिचा निकाल लागतो. तीस सेकंदांचं एक रील फोनवर नीट एडिट करायला दोन-तीन तास सहज जातात. ते तास कुठून आले? भूगोलाच्या वहीतून आले असतील तर भूगोलाच्या वहीचं पुढे काय झालं, हे एक प्रकरण आहे. पैशांचंही तसंच. तिला महिन्याला किती मिळतात ते ठरवा आणि प्रत्येक फेरीचा खर्च त्यातून वजा करा. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये आहे. बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं त्याच वर्षी मे महिन्यात ५ वरून १० झालं. लोकलमध्ये विनातिकीट सापडली तर भाडं अधिक किमान २५० रुपये दंड. तिच्या पाकिटात २१० असले आणि दादरच्या पुलावर टीसी दिसला की प्रसंग तयारच आहे, तुम्हाला काही रचावं लागत नाही. भाडी चुकलीत तर मात्र मुंबईचा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. तो कथेतले योगायोग खपवून घेईल, रिक्षा दादरला नेलेली खपवून घेणार नाही. रिक्षा वांद्र्याच्या आणि शीवच्या पुढे शहरात येत नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

मुलीची हुशारी याच हिशेबात दिसते. रविवारी दुपारी पार्ल्याच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात त्याच्या नाटकाचा चारचा प्रयोग आहे. रविवार म्हणजे मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर काम निघालं की फास्ट गाड्या स्लो मार्गावर वळवतात आणि सगळंच पंधरा-वीस मिनिटं उशिरा धावतं. आदल्या दिवशी पेपरात आलेली ती सूचना घरात कोणी वाचत नाही. ही मुलगी वाचते, त्यावरून दादरला गाडी बदलायला किती वेळ धरायचा ते काढते आणि समासात लिहून ठेवते. हीच मुलगी गणिताच्या चाचणीत वेग-वेळ-अंतराचं उदाहरण चुकवते. असा एक प्रसंग पहिल्या वीस पानांत आला पाहिजे, म्हणजे ‘बावळट’ हा शब्द वाचकाच्या मनात येणारच नाही.

आता नटाबद्दल. तुम्ही हिंदी सिनेमातला सुपरस्टार घेतला आहे आणि तिला बँडस्टँडला बंगल्याबाहेर उभं केलं आहे. तिथे एकच प्रसंग होऊ शकतो: गर्दी, उन्हात उभं राहणं, बाल्कनीत हललेला पडदा. दुसऱ्यांदा गेली तरी तेच आणि तिसऱ्यांदाही तेच. ज्याच्यापर्यंत पोहोचणं अशक्य आहे त्याच्यावर विनोदी कथानक फार वेळ चालत नाही, कारण प्रयत्नाला पायऱ्या पडत नाहीत. त्याऐवजी मराठी मालिकेतला हिरो घ्या. तो नेमका अर्धवट हाताला लागणारा असतो. घोडबंदर रोडला, मढला नाहीतर गोरेगावच्या चित्रनगरीत त्याचं शूटिंग चालतं. शनिवार-रविवारी तो नाटकाचे प्रयोग करतो. सराफाच्या दुकानाची फीत कापतो, दहीहंडीला मंचावर येऊन हात हलवतो, नवरात्रात एका रात्री दोन ठिकाणी जातो. नाटक संपल्यावर रंगपटात जाऊन नटाला भेटायची पद्धत आपल्याकडे आहेच. म्हणजे मधे भिंत नाही, दारं आहेत. प्रत्येक दारावर एक माणूस उभा आहे आणि प्रत्येक माणसासाठी वेगळी थाप मारावी लागते.

याहून मोठा फायदा वेगळाच आहे. आज नववीच्या वर्गात मुलींचं वेड कुठे असतं? बीटीएस आणि बाकीचे कोरियन बँड, कोरियन मालिका, क्रिकेटपटू, इन्स्टावरचे क्रिएटर. साडेआठच्या मराठी मालिकेतल्या सुनेच्या नवऱ्यावर जीव टाकणं हे त्या वर्गात अत्यंत कमी प्रतीचं समजलं जाईल. ‘क्रिंज’ हा शब्द ती दिवसातून चारदा ऐकेल. तिचा हिरो वर्गात कोणाला माहीत नाही, पण बिल्डिंगमधल्या प्रत्येक काकूला माहीत आहे. तिच्या वेडात तिला साथ देणारी माणसं पन्नाशीच्या पुढची आहेत, संध्याकाळी बाकावर बसतात आणि तिला विचारतात, ‘काय गं, तो मेला खरंच का जाणार तिला सोडून?’ तिच्या एकटेपणाचं आणि विनोदाचं मूळ एकाच जागी आलं. तिला ही मालिका लागलीच कशी, हा प्रश्नही सुटतो: आजीच्या हातात रिमोट असतो आणि जेवण त्या वेळेला असतं.

स्पर्धक मात्र हवाच. त्या हिरोच्या नावाचं दुसरं फॅनपेज कोणीतरी चालवतंय, त्याचे फॉलोअर हिच्यापेक्षा जास्त आहेत आणि त्याला शूटिंगचे फोटो आधी मिळतात. हा ॲडमिन कोण, हे कोडं बारा-तेरा प्रकरणं लांबवता येतं. तो अनोळखी मोठा पुरुष निघाला तर कादंबरीचा रंगच बदलतो आणि हसणं थांबतं. तो ओळखीतलाच निघू द्या. सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोने, ज्या काकू पार्किंगवरून सगळ्यांशी भांडतात त्यांनी, दुपारच्या वेळात हे साम्राज्य उभारलंय असं निघालं तर मागची सगळी प्रकरणं नव्याने वाचावीशी वाटतात. त्यासाठी खुणा आधी पेराव्या लागतात. काकूंच्या नोटीस बोर्डावरच्या भाषेत जे स्वल्पविराम आहेत तेच पेजवरच्या पोस्टमध्ये आहेत, अशी एक खूण पाचव्या प्रकरणात आणि एक नवव्यात. तीन नकोत, हुशार पोरांना दोन पुरतात.

या क्षेत्रातले शब्द वापरा, कारण अर्धे विनोद त्यांतच दडलेले आहेत. स्पॉटदादा, मेकअपदादा, कॉलटाइम (सेटवर हजर व्हायची वेळ), एपिसोडची बँक (आधीच शूट करून ठेवलेले भाग), ट्रॅक (मालिकेतला कथेचा एक धागा), लीप (कथेने मारलेली काही वर्षांची उडी), महाएपिसोड. सगळ्यांत मौल्यवान शब्द म्हणजे ‘सुपारी’. पैसे घेऊन कार्यक्रमाला हजेरी लावणं याला कलाकारांच्या जगात सुपारी म्हणतात. मुलीच्या कानावर मेकअपदादाचं फोनवरचं वाक्य पडतं: ‘शनिवारी ठाण्याला त्याची सुपारी आहे, रात्री नऊला, पैसे अर्धे आधी मिळालेत.’ आता ती काय करील?

हा प्रसंग रचताना क्रम सांभाळावा लागतो. सुपारीचा खरा अर्थ वाचकाला आधीच माहीत हवा, नाहीतर तोही मुलीसोबत घाबरतो आणि नंतर ‘अरे, असं होतं होय’ म्हणून हिरमुसतो. म्हणून दोन प्रकरणं आधी, भलत्याच संदर्भात, काकूंच्या तोंडी तो शब्द येऊ द्या: ‘हळदीकुंकवाला कोणीतरी बोलवायचं तर सुपारी परवडली पाहिजे.’ मुलगी तेव्हा तिथे आहे, पण फोनमध्ये डोकं घालून. मग मेकअपदादाचं वाक्य. मग ती पोलिसांत जात नाही (ते फार लवकर संपतं), तर स्वतःच बंदोबस्त करायचं ठरवते: मैत्रिणीला घेऊन ठाण्याला जाणे, मंचाच्या डाव्या बाजूला उभं राहणे, संशयित दिसला तर शिट्टी वाजवणे. शिट्टी पीटीच्या सरांची, कपाटातून घेतलेली. अर्थ उलगडण्याचा क्षण लांबवू नका. ती शिट्टी वाजवते, ढोल थांबतात, सूत्रसंचालक माइकवर ‘काय झालं ताई?’ विचारतो, आणि पुढच्या ओळीला प्रकरण संपतं. कोणी कोणाला सुपारी म्हणजे काय हे समजावत बसायचं नाही. समजावणारं वाक्य लिहिलंत की प्रसंग मेला. तुमच्या उताऱ्यात अशी समजावणारी वाक्यं मोजून सात आहेत.

काळ कोणता? दहीहंडी ते दिवाळी. सुपाऱ्यांचा हंगाम तोच असतो, आणि सणांच्या ओळीने कादंबरीला कणा मिळतो: हंडी, गणपती, नवरात्र, सहामाही परीक्षा, दिवाळी पहाट. वर्ष निश्चित करा आणि त्या वर्षीचं कॅलेंडर समोर टांगा. गणेशचतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती. २०२६ अधिक महिन्याचं वर्ष, म्हणून तेव्हा ती १४ सप्टेंबरला. सण असे पुढे सरकले की सहामाही नवरात्राला येऊन भिडते. विनोदी लेखकाला याहून चांगली भेट पंचांग देऊ शकत नाही. मुलीला नववीतच ठेवा, दहावीत ढकलण्याचा मोह टाळा. मराठी घरात दहावी म्हणजे वेगळीच कादंबरी. नट, मालिका, सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं आणि आईबाबांना एकच संवाद उरतो. नववीत छोट्या छोट्या मुदती असतात, चाचणी, प्रकल्प, पालकसभा. त्या विनोदाला मानवतात.

थापांची वही वेगळी ठेवा. चार रकाने: काय थाप मारली, कोणाला, कोणत्या पानावर, कशी फुटली. सबंध कादंबरीत मोठ्या थापा पाचापेक्षा जास्त नकोत आणि प्रत्येक नवी थाप आधीची झाकण्यासाठीच मारलेली हवी. सुट्या सुट्या थापा असल्या की वाचकाला मुलगी खोटारडी वाटते. एकातून एक निघाल्या तर तो तिच्या बाजूने घाम पुसतो. एक कच्चा नमुना: रंगपटात शिरता यावं म्हणून ‘मी शाळेच्या अंकासाठी मुलाखत घेतेय’. मग शाळेचा अंक खरंच आहे असं दाखवण्यासाठी एक पान छापून आणणं. ते पान बाईंच्या हाती लागणं, बाईंना फार आनंद होणं आणि त्यांनी तिला अंकाची संपादक नेमणं. आता तिला खरंच अंक काढायचा आहे. थाप फुटण्यापेक्षा थाप खरी होणं जास्त भयंकर असतं. हे तीन प्रकरणांना पुरेल.

घरच्या माणसांची वयं तपासा, इथे हमखास चूक होते. गोष्ट २०२६ ची आणि आजी सत्तरीची असेल तर तिचा जन्म १९५६ चा. ती नातीच्या वयाची होती तेव्हा ‘आराधना’ (१९६९) येऊन राजेश खन्नाची लाट उसळली होती. तरीही लेखक सवयीने आजीला देव आनंदच्या प्रेमात पाडतात, म्हणजे चुकून पणजीचा नट देतात. आई बेचाळीस वर्षांची तर जन्म १९८४ चा. २००० च्या जानेवारीत ‘कहो ना... प्यार है’ आला तेव्हा ती पंधरा-सोळाची असणार, म्हणजे तिच्या वहीच्या कव्हरवर हृतिक रोशन. आता घरात तीन पिढ्यांचे तीन नट झाले. इथे आजीने डोळ्यांत पाणी आणून जुना फोटो काढून दाखवण्याचा प्रसंग लिहू नका, तो सगळेच लिहितात. त्यांची स्पर्धा लावा. आपल्या वेळचं वेड खरं आणि आताचं थिल्लर, असं आई ठणकावून सांगते आणि आजी शांतपणे तिला विचारते, ‘मग बारावीच्या प्रिलिमला तू कुठे होतीस, सांगू का?’ बाबा मान खाली घालून जेवतात. त्यांना प्रत्येक प्रसंगात एकच वाक्य द्या, पण ते घरातलं सगळ्यांत शहाणं वाक्य असू द्या.

वेड कुठवर न्यायचं? मानसशास्त्रात यावर बरंच काम आहे आणि लेखकाला ते उपयोगी पडतं. पडद्यावरच्या माणसाशी प्रेक्षकाचं जे एकतर्फी नातं जुळतं त्याचं वर्णन हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी १९५६ मध्येच केलं होतं. पुढे २००२ मध्ये मॅककचन, लँग आणि हूरान यांनी अशा आसक्तीच्या पायऱ्या मोजायची एक मापनश्रेणी मांडली. पहिली पायरी मैत्रिणींत गप्पा मारण्यापुरती, दुसरी ‘त्याचं दुःख ते माझं दुःख’ अशी, तिसरी त्याच्यासाठी वाटेल ते, बेकायदेशीरसुद्धा, करायला निघण्याची. विनोदी कादंबरी दुसऱ्या पायरीवर घर करते. तिसरीवर तिने एकदाच पाऊल टाकावं आणि लगेच मागे घ्यावं, म्हणजे कॉलटाइमचा कागद उचलणं इथवर. नटाच्या घराचा पत्ता काढून रात्री तिथे उभं राहणं यात हसण्यासारखं काही नाही. दुसरी रेघ याहून पक्की: नट मोठा आहे, मुलगी चौदाची आहे. तिच्याकडून कितीही उमाळे येऊ देत, त्याच्याकडून प्रेमाचा इशारा गमतीतसुद्धा येता कामा नये. त्याने तिला ‘बाळा’ म्हणावं, आणि ते तिच्या वर्मी लागावं.

इन्स्टाग्रामचा तपशील बरोबर हवा, वाचक तुमच्यापेक्षा तज्ज्ञ आहेत. ती ज्याला मेसेज करते तो तिला फॉलो करत नसेल तर मेसेज ‘रिक्वेस्ट’मध्ये जाऊन पडतो. त्याने तो स्वीकारेपर्यंत हिला ‘सीन’ दिसत नाही. म्हणजे ‘त्याने सीन करून सोडलं’ हे तुमचं तिसरं प्रकरण मुळात घडूच शकत नाही. उलट, ‘सीन’सुद्धा नाही अशी एकशे चाळीस मेसेजची रांग जास्त केविलवाणी आणि जास्त गमतीची आहे. तिचं खरं वय टाकून उघडलेलं खातं ‘टीन अकाउंट’ असतं. ते आपोआप प्रायव्हेट असतं, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन गप्प असतात आणि सोळाच्या आतल्या मुलांना हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. प्रायव्हेट खात्यावरून फॅनपेज चालवणं म्हणजे बंद शटरमागे दुकान चालवणं. मग ते पेज आजीच्या नावाने उघडलंय का? आणि आजीचा चष्मा घातलेला फोटो डीपीला आहे का? ही थाप क्रमांक एक होऊ शकते.

भाषेबद्दल थोडक्यात. या वयाची मुंबईची मुलं घरात मराठी, वर्गात मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही आणि मैत्रिणींत ‘अगं यार, सीरियसली’ अशी खिचडी बोलतात. ती येऊ द्या, पण ताज्या बोलीतले शब्द पानाला दोनच्या वर नकोत. आज चालणारा शब्द पुस्तक छापून येईपर्यंत शिळा होतो. शिवी, उद्गारचिन्ह आणि ‘हाहाहा’ यांनी विनोद वाढत नाही. सगळी उद्गारचिन्हं शोधून काढून टाका आणि मग कुठे खरोखर ओरडणं आहे तिथेच परत घाला, सबंध पुस्तकात दहा-बारा उरतील. चॅटची पानंच्या पानं नकोत. सलग सहा-सात मेसेजनंतर डोळा घसरतो. कामवाल्या मावशींच्या किंवा वॉचमन काकांच्या बोलीवर हसू काढू नका. ते स्वस्तही आहे आणि या मुलीच्या गोष्टीत त्यांना जास्त चांगलं काम आहे: आत-बाहेरची सगळी माहिती त्यांच्याकडेच असते.

आता भेट. घालाच. पंधरा प्रकरणं वाचकाला धावायला लावून भेट न घालणं ही फसवणूक आहे. पण नट प्रत्यक्षात उर्मट, दारुडा, खोटा निघतो आणि मुलीचे डोळे उघडतात, हा रस्ता घेऊ नका. सिनेमाचं खरं जग दाखवून शाळकरी मुलीचं वेड उतरवणं हे ‘गुड्डी’ सिनेमाने १९७१ मध्ये करून ठेवलं आहे, आणि तिथेही स्वतःच्याच भूमिकेतला धर्मेंद्र उर्मट नव्हता. तुमचा नट थकलेला असू द्या. सकाळी सातचा कॉलटाइम, बारा तासांची शिफ्ट, मग प्रयोग. अर्धा मेकअप पुसलेला, एका डोळ्याखाली काजळ तसंच. मुलीने अकरा पानांचं भाषण पाठ केलंय. तो विचारतो, ‘बाळा, बाहेर वडा संपला का गं?’ तिला उत्तर माहीत असतं, कारण मध्यंतरात तिने पाहून ठेवलेलं असतं: चार उरलेत. ती धावत जाऊन आणते. तो पैसे देतो, सुट्टे नसतात, ती त्याला दहा रुपये परत देणं लागते. एवढीच भेट, सहाशे शब्दांच्या आत. दोन राबणारी माणसं समोरासमोर आली, त्यातल्या एकालाच ते कळलं. ते दहा रुपये पुढच्या दोन प्रकरणांना पुरतात: परत कसे करायचे, की करायचेच नाहीत?

भेट चौदाव्या-पंधराव्या प्रकरणात येऊ द्या, शेवटच्या नको. नंतर मालिकेची वेळ साडेआठवरून साडेसहाला जाऊ द्या, म्हणजे थेट तिच्या क्लासवर. वाहिन्या हे नेहमी करतात. वेड ओसरतं ते असंच, वेळापत्रकामुळे. ‘मग तिने अभ्यासाकडे लक्ष दिलं’ हे वाक्य कुठल्याही रूपात नको.

कायद्याचं एवढं सांभाळा. नट आणि मालिका पूर्ण काल्पनिक ठेवा, नावं इंटरनेटवर शोधून खरा कलाकार त्या नावाचा नाही ना ते बघा, आणि खऱ्या नटाच्या चेहऱ्यामोहऱ्याची नक्कल करून ‘हा तोच’ असं सुचवू नका. बदनामी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. नाव, आवाज आणि लकबीच्या व्यापारी वापराबद्दल अनिल कपूर यांना दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये संरक्षण दिलं, त्यात त्यांचा ‘झकास’ हा उद्गारसुद्धा होता. वर आजी आणि आईच्या नटांची खरी नावं आली आहेत, त्यांचा नुसता प्रेमाने उल्लेख चालतो. गाण्याच्या ओळी उद्धृत करू नका. गीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क शाबूत असतो. मालिकेचं शीर्षकगीत स्वतःच रचा, आणि ते जितकं गंभीर रचाल तितकं हसू येईल.

लांबी पस्तीस ते चाळीस हजार शब्द, अठरा-वीस प्रकरणं, एकेक दोन हजारांच्या आसपास. डेमी आकारात (कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार) ते दीडशे पानांच्या थोडं अलीकडे-पलीकडे भरतं. त्याहून जाड पुस्तक नववीतलं मूल उचलत नाही. हस्तलिखित युनिकोडमध्ये द्या. जुन्या फॉन्टमधून बदलताना जोडाक्षरं फुटतात आणि विनोदी वाक्यात एक अक्षर फुटलं तरी ठेका जातो.

पहिली पाच प्रकरणं नव्याने झाली की छापून तीन-चार नववीतल्या मुलांना द्या, त्यातला एक तरी मुलगा असू द्या. ‘आवडलं का?’ विचारू नका, ती हो म्हणतात. पेन्सिल द्या आणि वाचताना जिथे फोन हातात घेतला तिथे समासात फुली मारायला सांगा. दोघांची फुली एकाच पानावर आली तर ते पान काढा, दुरुस्त करत बसू नका. आणि मंगळवारी पाय डावा होता की उजवा, हे प्रत्येक प्रकरणात तपासा. ती मुलं तपासणारच आहेत.